कोल्हापुरातील तालीम फुटबॉल

कोल्हापुरातील तालीम फुटबॉल ही महाराष्ट्रातील कोल्हापूर शहरात रुजलेली हौशी फुटबॉलची परंपरा आहे. या शहरातील बहुतेक प्रमुख फुटबॉल संघ तालीम मंडळांचे किंवा तरुण मंडळांचे आहेत. एखादी कंपनी, बँक वा सरकारी खाते त्यांच्यामागे नसते. पाटाकडील तालीम मंडळ, खंडोबा तालीम मंडळ, दिलबहार तालीम मंडळ, बालगोपाल तालीम मंडळ, शिवाजी तरुण मंडळ, प्रॅक्टिस क्लब, संध्यामठ तरुण मंडळ, फुलेवाडी क्रीडा मंडळ ही त्यांतील काही परिचित नावे होत. शहरातील स्पर्धांचे नियमन कोल्हापूर स्पोर्ट्स असोसिएशन (संक्षेपाने ‘केएसए’) ही संघटना करते आणि मुख्य सामने छत्रपती शाहू स्टेडियमवर होतात. क्रिकेटचे वर्चस्व असलेल्या महाराष्ट्रात स्थानिक फुटबॉल सामन्यांना नियमाने हजारोंच्या संख्येने प्रेक्षक जमणारे शहर म्हणून कोल्हापूरचा उल्लेख होतो.

नाव

‘तालीम’ हा शब्द मुळात अरबी असून त्याचा मूळ अर्थ शिक्षण असा आहे. फारसीमार्गे तो मराठीत आला आणि येथे त्याला व्यायामाचे शिक्षण, पुढे व्यायामाची जागा, असा अर्थ प्राप्त झाला. नाटकाच्या सरावालाही मराठीत ‘तालीम’ म्हणतात. त्यातही पुनःपुन्हा करून अंगवळणी पाडणे हाच भाव आहे. कोल्हापुरात ‘तालीम’ म्हणजे लाल मातीचा आखाडा, मारुतीची तसबीर वा मूर्ती, जोर-बैठका काढण्याची जागा आणि त्या जागेभोवती जमलेला परिसरातील माणसांचा समुदाय असा संपूर्ण अर्थ अभिप्रेत असतो.

संघांच्या नावांतूनही शहराचा इतिहास डोकावतो. ‘पाटाकडील’ हे पाण्याच्या पाटावरून पडलेले स्थळवाचक नाव आहे. ‘खंडोबा’ हे दैवतावरून, ‘बालगोपाल’ हे कृष्णभक्तीच्या परंपरेतून, तर ‘दिलबहार’ हे फारसी वळणाचे नाव आहे. ‘प्रॅक्टिस क्लब’ हे सरळ इंग्रजी नाव आहे. अर्थाने मात्र ते ‘तालीम’ या शब्दाच्या अगदी जवळचे आहे.

पार्श्वभूमी

भारतात फुटबॉल प्रामुख्याने ब्रिटिश पलटणींबरोबर आला. १८८८ साली सिमला येथे ड्युरँड चषक स्पर्धा सुरू झाली. १८९१ साली मुंबईत रोव्हर्स चषक सुरू झाला आणि त्याचे पहिले विजेतेपद वूस्टरशायर रेजिमेंटने मिळवले. आरंभीची अनेक वर्षे या स्पर्धांवर लष्करी संघांचेच वर्चस्व होते. २९ जुलै १९११ रोजी कोलकात्याच्या मोहन बागान संघाने ईस्ट यॉर्कशायर रेजिमेंटचा २-१ असा पराभव करून आयएफए शील्ड जिंकली. मोहन बागानचे बहुतेक खेळाडू अनवाणी खेळत होते. या विजयामुळे फुटबॉल हा केवळ गोऱ्या शिपायांचा खेळ नाही, ही भावना देशभर पसरली. त्याच वर्षी मुंबईत वेस्टर्न इंडिया फुटबॉल असोसिएशन या प्रादेशिक संघटनेची स्थापना झाली. पलटणींखेरीज शाळा आणि महाविद्यालये हा या खेळाच्या प्रसाराचा दुसरा मार्ग होता. इंग्रजी शिक्षणाबरोबर क्रिकेट, हॉकी आणि फुटबॉल हे खेळ संस्थानी राजधान्यांतही पोहोचले.

कोल्हापुरात हा खेळ आला तेव्हा शहरात कुस्तीची भक्कम परंपरा होती. राजर्षी शाहू महाराजांनी (१८७४–१९२२) मल्लविद्येला उदार राजाश्रय दिला. १९०२ सालच्या युरोप प्रवासात त्यांनी रोममधील प्राचीन क्रीडागार पाहिले आणि त्या धर्तीवर कोल्हापुरात खासबाग कुस्ती मैदान बांधवून घेतले. पेठापेठांतील तालमी या राजाश्रयामुळे बहरल्या. कोल्हापूर संस्थान १ मार्च १९४९ रोजी मुंबई राज्यात विलीन झाले. त्यापूर्वीच्या काळात छत्रपती घराण्याच्या प्रोत्साहनाने कोल्हापूर स्पोर्ट्स असोसिएशनची पायाभरणी झाली. राजघराण्याचा या संघटनेशी असलेला संबंध आजही कायम असून तिच्या मुख्य साखळी स्पर्धेला शाहू छत्रपतींचे नाव दिलेले आहे.

आखाड्याकडून मैदानाकडे

कुस्ती हा एकट्याने लढण्याचा खेळ आहे, तर फुटबॉल अकरा जणांचा. तरीही कुस्तीच्या तालमीतून फुटबॉल संघ निर्माण होण्यास काही गोष्टी अनुकूल होत्या.

पहिली गोष्ट म्हणजे तयार संघटना. तालमीला जागा होती, वस्ताद होते, शिस्त होती आणि सायंकाळी एकत्र येण्याची सवय होती. नवा क्लब स्थापन करताना जे सर्व नव्याने उभारावे लागते, ते येथे आधीच उपलब्ध होते. दुसरी गोष्ट खर्चाची. क्रिकेटला बॅट, पॅड, खेळपट्टी असा सरंजाम लागतो. फुटबॉलला एक चेंडू आणि मोकळे मैदान पुरते, त्यामुळे कष्टकरी कुटुंबांतील मुलांना तो खेळता आला. तिसरी आणि कदाचित सर्वांत महत्त्वाची गोष्ट म्हणजे पेठेची अस्मिता. पूर्वी पेठेचा पैलवान फडात उतरला की सारी पेठ त्याच्या पाठीशी उभी राहत असे. तोच अभिमान पुढे अकरा जणांच्या संघाकडे आला. पैलवान घडवण्यास खुराक आणि अनेक वर्षांची मेहनत लागते व अशी संधी थोड्यांनाच मिळते. फुटबॉल संघात मात्र एकाच वेळी अनेक घरांतील मुलांना स्थान मिळू शकते. त्यामुळे संघाशी असलेले नाते घराघरांत पोहोचले.

जगाच्या इतिहासात ही घटना एकाकी नाही. इंग्लंडमधील एव्हर्टन क्लबचा उगम १८७८ साली एका चर्चच्या संघातून झाला. मँचेस्टर युनायटेड हा त्याच वर्षी रेल्वे कामगारांनी काढलेला संघ होता. १८८६ साली स्थापन झालेला आर्सेनल हा वुलिच येथील शस्त्रास्त्र कारखान्यातील कामगारांचा संघ होता. ज्या समाजात जी संस्था बळकट असते, तिच्या आश्रयाने हा खेळ वाढतो, असे यावरून दिसते. इंग्लंडमध्ये ती संस्था चर्च आणि कारखाना होती. कोल्हापुरात ती तालीम होती. फरक इतकाच की, ते इंग्रजी क्लब पुढे मोठ्या व्यावसायिक कंपन्या झाले आणि कोल्हापूरचे संघ मात्र पेठेशीच बांधलेले राहिले.

मैदाने

छत्रपती शाहू स्टेडियम हे या खेळाचे केंद्र आहे. पूर्वीच्या रावणेश्वर तळ्याच्या परिसरात ते उभे असून शेजारचे रावणेश्वर मंदिर त्या तळ्याची आठवण जागी ठेवते. शिवाजी पेठेतील गांधी मैदान हेदेखील मुळात वरुणतीर्थ नावाचे तळे होते. तळी बुजवून झालेल्या या मोकळ्या जागा म्हणजे दाट वस्तीच्या जुन्या शहरातील मुलांना मिळालेली खेळण्याची हक्काची ठिकाणे होत. तळ्याचा सखल भाग असल्यामुळे गांधी मैदानात पावसाळ्यात पाणी साचते आणि सराव बंद पडतो. स्थानिक हंगाम पावसाळा संपल्यानंतर सुरू होऊन पुढील पावसाळ्यापूर्वी आटोपतो, यामागे मैदानांची ही स्थिती हे एक सरळ कारण आहे.

हंगाम आणि स्पर्धा

हंगामाची सुरुवात खेळाडूंच्या नोंदणीने होते. ठरावीक मुदतीत प्रत्येक खेळाडूने कोणत्या संघाकडून खेळणार हे संघटनेकडे नोंदवायचे असते. हे दिवस शहरात चर्चेचे असतात, कारण एखादा चांगला आघाडीपटू एका तालमीतून दुसऱ्या तालमीत गेला की बलाबल बदलते. अलीकडे ही नोंदणी अखिल भारतीय फुटबॉल महासंघाच्या केंद्रीय नोंदणी पद्धतीशी जोडली गेली आहे.

नोंदणीनंतर केएसएची वरिष्ठ गट साखळी स्पर्धा होते. साखळी पद्धतीत प्रत्येक संघ अनेक सामने खेळतो आणि गुणांच्या आधारे क्रम ठरतो. विजयास ३, बरोबरीस १ आणि पराभवास शून्य गुण मिळतात. गुण समान झाल्यास गोलफरक पाहिला जातो. तळाच्या संघांना खालच्या गटात जावे लागण्याची भीती असल्याने शेवटच्या फेरीपर्यंत चुरस टिकते.

साखळीनंतर बाद पद्धतीच्या चषक स्पर्धांचा काळ येतो. या स्पर्धा तालीम मंडळे किंवा स्थानिक संस्था आयोजित करतात. दिवंगत खेळाडू, परिसरातील प्रतिष्ठित व्यक्ती किंवा राजकीय नेते यांची नावे चषकांना दिली जातात. बाद पद्धतीत एका पराभवाने संघ स्पर्धेबाहेर जातो. बरोबरी झाल्यास निकाल टायब्रेकरवर लागतो. त्यात प्रत्येक संघास पाच पेनल्टी किक मिळतात आणि तरीही बरोबरी राहिल्यास ‘सडन डेथ’ पद्धतीने एकेक किक घेतली जाते. कोल्हापुरातील अनेक संस्मरणीय लढतींचा शेवट असा झालेला आहे. टायब्रेकरसाठी खास गोलरक्षक बदलण्याची चाल येथील सामान्य प्रेक्षकालाही ठाऊक असते.

तालीम संघाची घडण

तालीम संघाला मालक नसतो. मंडळाचे कार्यकर्ते, माजी खेळाडू, परिसरातील व्यापारी आणि देणगीदार मिळून संघ चालवतात. बूट, पोशाख, सरावाच्या वेळची न्याहारी, जखमी खेळाडूचा उपचार, बाहेरगावच्या स्पर्धांचा प्रवास असे खर्च वर्गणी, देणग्या आणि बक्षिसांच्या रकमेतून भागवले जातात. प्रशिक्षक बहुधा त्याच तालमीचा जुना खेळाडू असतो. लहान मुले मोठ्यांच्या सरावाच्या वेळी चेंडू आणून देता देता खेळ शिकतात. काही वर्षांनी त्यांतील एखादा वरिष्ठ संघात येतो आणि ज्याला तो चेंडू आणून देत असे त्याच्याच शेजारी उभा राहतो. प्रशिक्षणाची ही पद्धत लेखी अभ्यासक्रमावर आधारलेली नाही. ती सहवासावर आधारलेली आहे.

तालमीचे काम फुटबॉलपुरते मर्यादित नसते. गणेशोत्सव, शिवजयंती, रक्तदान शिबिरे ही कामे हीच मंडळी करतात. २०१९ च्या ऑगस्टमध्ये आणि २०२१ च्या जुलैमध्ये पंचगंगेच्या महापुराने शहराचा मोठा भाग वेढला, तेव्हा शहरातील तालमी आणि तरुण मंडळे मदतकार्यात उतरली होती. सामान्य काळात मैदानावर एकमेकांसमोर उभे राहणारे संघ अशा वेळी एकाच कामात सहभागी होतात.

हौशी आणि व्यावसायिक

‘हौशी’ म्हणजे उपजीविकेसाठी न खेळणारा. इंग्लंडच्या फुटबॉल असोसिएशनने १८८५ साली खेळाडूंना वेतन देण्यास मान्यता दिली आणि हौशी व व्यावसायिक असे दोन प्रवाह स्पष्ट झाले. भारतात दीर्घकाळ तिसरा मार्ग प्रचलित होता. रेल्वे, पोलीस, बँका, गिरण्या आणि कंपन्या खेळाडूंना नोकरी देत आणि त्यांचे संघ बाळगत. मुंबईचे फुटबॉल मुख्यतः अशा संघांवर उभे होते. १९६२ साली सुरू झालेला महिंद्रा संघ, पुढे महिंद्रा युनायटेड या नावाने, देशातील अग्रगण्य संघांपैकी एक झाला. परंतु २०१० साली कंपनीने तो बंद केला. १९९६ साली राष्ट्रीय फुटबॉल लीग, २००७ साली आय-लीग आणि २०१४ पासून इंडियन सुपर लीग अशा स्पर्धांमुळे वरच्या पातळीवरील खेळ पूर्णपणे व्यावसायिक झाला.

या दोन्हींच्या तुलनेत तालीम संघाचे बलस्थान आणि त्याची मर्यादा एकाच गोष्टीत आहे. एका सहीने तो बंद करता येत नाही, कारण तो कोणा एकाचा नाही. तथापि खेळाडूला निश्चित उत्पन्नाची हमीही तो देऊ शकत नाही. येथील खेळाडू शिक्षण घेत, छोटा व्यवसाय करत किंवा नोकरी सांभाळत खेळतात. बक्षिसे आणि मानधन मिळत असले, तरी ते हंगामापुरते असते. गुडघ्याची गंभीर दुखापत झाल्यास कारकीर्द संपुष्टात येतेच, शिवाय रोजगारावरही परिणाम होतो. वर्ष-दोन वर्षे सरावात घालवलेल्या तरुणापुढे शिक्षण की खेळ असा प्रश्न उभा राहतो आणि अनेकदा त्याचे उत्तर घरची परिस्थिती देते.

अलीकडच्या काळात काही संघ बाहेरगावचे तसेच परदेशी, प्रामुख्याने नायजेरियन, खेळाडू घेऊ लागले. या खेळाडूंची संख्या नियमाने मर्यादित ठेवण्यात आली आहे. त्यांच्यामुळे खेळाचा वेग आणि शारीरिक ताकद वाढली, स्थानिक बचावपटूंना कठीण प्रतिस्पर्ध्यांशी झुंजण्याचा सराव मिळाला, असे समर्थक सांगतात. यामुळे संघाचा खर्च वाढतो, मोठ्या देणगीदारांवरील अवलंबन वाढते आणि पेठेतील मुलाची जागा जाते, असा विरोधकांचा आक्षेप आहे. स्पेनमधील अ‍ॅथलेटिक बिल्बाओ हा क्लब केवळ बास्क प्रदेशाशी संबंध असलेले खेळाडू घेतो. संघ आपल्या माणसांचा असावा की विजयासाठी कोणीही चालावा, हा प्रश्न एकट्या कोल्हापूरचा नाही, हे त्यावरून लक्षात येते.

प्रेक्षक आणि ईर्षा

शिवाजी पेठ आणि मंगळवार पेठ यांच्यातील चुरस हा कोल्हापूरच्या फुटबॉलचा कणा मानला जातो. शिवाजी तरुण मंडळ आणि खंडोबा तालीम हे शिवाजी पेठेतील, तर पाटाकडील तालीम आणि प्रॅक्टिस क्लब हे मंगळवार पेठेतील संघ आहेत. मात्र एकाच पेठेतील दोन तालमींची लढतही तितकीच अटीतटीची होते. एका घरातील दोन भाऊ भिन्न संघांचे समर्थक असल्याची उदाहरणे सामान्य आहेत. येथे ‘ईर्षा’ हा शब्द मत्सर या अर्थाने न वापरता जिद्दीने केलेली स्पर्धा या अर्थाने वापरला जातो.

ही ईर्षा मर्यादा सोडते तेव्हा तिचे परिणाम गंभीर होतात. सामन्यातील एखाद्या निर्णयावरून शिवीगाळ, हुल्लडबाजी, समर्थकांतील हाणामारी आणि दगडफेक असे प्रकार वेळोवेळी घडले आहेत. मोठ्या सामन्यांसाठी पोलीस बंदोबस्त ठेवावा लागतो. अशा घटनांनंतर स्पर्धा थांबवणे, खेळाडूंवर बंदी घालणे, संघांना दंड करणे आणि सर्व संघांच्या प्रतिनिधींची संयुक्त बैठक घेणे असे उपाय योजले जातात. तरुणांवर नोंदवलेला गुन्हा पुढे नोकरी आणि पारपत्र मिळवताना अडसर ठरतो, ही जाणीव करून देण्याचा प्रयत्न ज्येष्ठ खेळाडू करतात. हंगाम अर्ध्यावर थांबला तर सर्वाधिक नुकसान खेळाडूंचे होते, कारण वर्षभराची मेहनत दाखवण्याची त्यांची संधी जाते.

पंचांची स्थितीही या संदर्भात विचारात घ्यावी लागते. हजारो प्रेक्षकांच्या डोळ्यांदेखत क्षणात निर्णय द्यायचा आणि तो देताना दूरचित्रवाणीवरील सामन्यांप्रमाणे चित्रफितीचे साहाय्य नसते. पंच प्रशिक्षित आणि सुरक्षित असणे ही स्थानिक फुटबॉल टिकण्याची पहिली अट आहे.

उल्लेखनीय खेळाडू

कोल्हापूरचे खेळाडू संतोष करंडक स्पर्धेत महाराष्ट्राकडून आणि विविध व्यावसायिक क्लबांकडून खेळले आहेत. २०१७ च्या ऑक्टोबर महिन्यात भारतात झालेल्या सतरा वर्षांखालील विश्वचषक स्पर्धेतील भारतीय संघात कोल्हापूरचा अनिकेत जाधव होता. त्याचे प्रशिक्षण पुण्याच्या क्रीडा प्रबोधिनीत झाले. पुढे तो इंडियन सुपर लीगमध्येही खेळला. फिफाच्या कोणत्याही विश्वचषकात खेळण्याची भारताची ती पहिलीच वेळ होती. निखिल कदम हा कोल्हापूरचाच खेळाडू मोहन बागान आणि नॉर्थईस्ट युनायटेड या संघांकडून खेळला. या स्पर्धेच्या निमित्ताने १५ सप्टेंबर २०१७ रोजी महाराष्ट्र शासनाने ‘मिशन वन मिलियन’ हा उपक्रम राबवून राज्यभरातील विद्यार्थ्यांना मैदानावर आणले. अनेक जिल्ह्यांत तो एका दिवसाचा कार्यक्रम ठरला. कोल्हापुरात मात्र त्याआधीही आणि त्यानंतरही मैदाने गजबजलेलीच होती.

महिलांचे फुटबॉल

तालीम ही परंपरेने पुरुषांची जागा राहिल्यामुळे मुलींचे फुटबॉल मुख्यतः शाळा, महाविद्यालये आणि स्वतंत्र क्लब यांच्या आधाराने वाढले. एफसी कोल्हापूर सिटी या संघाने २०१९ साली भारतीय महिला लीगमध्ये भाग घेतला. मुलींसाठी नियमित स्थानिक साखळी, सरावाला सुरक्षित वेळ आणि मैदानावर कपडे बदलण्याची सोय या साध्या गोष्टींवर या खेळाची वाढ अवलंबून आहे.

गडहिंग्लज

कोल्हापूर शहराबाहेर जिल्ह्यातील गडहिंग्लज हे गाव फुटबॉलसाठी प्रसिद्ध आहे. तेथील युनायटेड फुटबॉल असोसिएशनतर्फे दिवाळीच्या सुट्टीत अखिल भारतीय पातळीवरील स्पर्धा भरवली जाते. देशातील निरनिराळ्या प्रांतांतील संघ तेथे येतात. तालुक्याच्या ठिकाणीदेखील लोकवर्गणी आणि सातत्य यांच्या बळावर हा खेळ जोपासता येतो, याचे हे उदाहरण आहे.

महत्त्व

तालीम फुटबॉलचे महत्त्व केवळ गोल आणि चषक यांनी मोजता येत नाही. प्रतिस्पर्धी सात-आठ मिनिटांच्या अंतरावर राहतो, त्यामुळे प्रत्येक सामन्याला अर्थ येतो. खेळाडू ओळखीचा असतो, त्यामुळे त्याचे यश आणि अपयश सर्वांचे होते. महाराष्ट्रातील अनेक तालुक्यांत शाळेच्या मैदानापलीकडे खेळ टिकत नाही, कारण शाळा सुटली की संघ सुटतो. कोल्हापुरात शाळा सुटलेल्या मुलाला तालीम सांभाळते. नवा क्लब काढू इच्छिणाऱ्या गावांना या परंपरेतून घेता येईल असा धडा साधा आहे: आधी गावात बळकट असलेली एखादी संस्था शोधावी, मग तिच्या आश्रयाने खेळ सुरू करावा आणि हंगाम दरवर्षी न चुकता भरवावा.

हे सुद्धा पहा

खासबाग कुस्ती मैदान
राजर्षी शाहू महाराज
रोव्हर्स चषक
संतोष करंडक
भारतीय महिला लीग